अनुभव आणि अधिकार

आमच्या पेडणे महालातील एका देवस्थानच्या अग्रशाळेत काही दिवसांपूर्वी महाजनांची बैठक भरली होती. नव्या समितीची निवड जवळ आली होती आणि अध्यक्षपदासाठी एका तिशीतल्या तरुणाचे नाव कोणीतरी सुचविले होते. सायंकाळची आरती आटोपलेली, चौकातल्या दीपस्तंभावर पणत्यांची वात अजून तेवत होती. नाव ऐकताच एका वयोवृद्ध गृहस्थांनी मान हलविली आणि शांतपणे विचारले, "ताका अणभव खंय आसा?" प्रश्नात द्वेष नव्हता. अनेक वर्षे देवाच्या हिशेबाच्या वह्या सांभाळलेल्या माणसाची ती खरीखुरी काळजी होती. तो तरुणही मागे बसला होता. तो नम्रपणे उठून म्हणाला, "काका, तुम्हांला पहिल्या वेळी अध्यक्ष केले, तेव्हा तो तुमच्यापाशी होता काय?" मंडळी हसली, काकाही हसले, आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

पण माझे मन त्या प्रश्नापाशीच घोटाळत राहिले. तरुणाचे उत्तर हजरजबाबी होते, तरी त्याने काकांच्या शंकेचे निरसन झाले असे म्हणता येईना. कोणीतरी एकदा अनुभवावाचून आरंभ केला होता, एवढ्यावरून प्रत्येकाने अनुभवावाचून आरंभ करावा असे ठरत नाही. उलट, अनुभव नाही एवढ्याच कारणासाठी एखाद्याला उंबरठ्याबाहेर उभे ठेवावे, हेही न्यायाचे दिसत नाही. मग खरे काय?

हा प्रश्न देवळाच्या चौकापुरता नाही. ग्रामपंचायतीपासून राष्ट्रपतिपदापर्यंत ज्या ज्या जागी माणूस निवडावयाचा असतो, तेथे तेथे तो उभा राहतो. आपल्या राज्यघटनेचे ५८ वे कलम राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराकडून भारताचे नागरिकत्व, पस्तीस वर्षे पूर्ण झालेले वय आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता मागते. लाभाचे पद धारण करणाराला मज्जाव करते. परंतु पूर्वी कोणते पद भूषविले होते, हे ती विचारीत नाही. म्हणूनच २००२ साली, ज्यांनी एकही निवडणूक लढविली नव्हती असे शास्त्रज्ञ डॉ. अब्दुल कलाम त्या आसनावर बसू शकले. त्यांच्या पाठोपाठ २००७ साली आल्या त्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. १९६२ सालापासून त्या विधिमंडळाच्या कामात मुरलेल्या होत्या. घटनेच्या दृष्टीने दोघांचा अधिकार सारखाच होता. घटनाकारांना अनुभवाचे महत्त्व कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी तो निर्णय निवडणाऱ्यांच्या विवेकावर सोपविला, इतकेच.

दूरच्या अमेरिकेतही हा वाद प्रत्येक निवडणुकीत रंगतो. तेथील इतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १८५७ साली अध्यक्ष झालेले जेम्स ब्युकॅनन हे संसदेच्या दोन्ही सभागृहांत बसलेले, रशिया व इंग्लंड येथे वकिली केलेले, परराष्ट्रमंत्रिपद भूषविलेले गृहस्थ होते. त्यांच्यानंतर आलेल्या अब्राहम लिंकन यांच्या गाठीशी राष्ट्रीय संसदेतली अवघी एक मुदत होती. पहिल्याच्या डोळ्यांदेखत देश फुटू लागला, आणि दुसऱ्याने तो सांधला. तथापि एका उदाहरणावरून नियम बांधणे धोक्याचे असते, आणि परक्याच्या घरातले उदाहरण मनाला पुरते भिडतही नाही. आपल्याच अंगणात याहून जवळचे उदाहरण घडलेले आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आरंभी लष्करी प्रशासन आले, त्यामागून केंद्राचे अधिकारी आले. पुढे ९ डिसेंबर १९६३ रोजी गोमंतकीय जनतेने आपल्या विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान केले. ज्या काँग्रेसपाशी राष्ट्रीय लढ्याचा वारसा होता आणि दिल्लीचे पाठबळ होते, तिला गोव्याच्या २८ जागांपैकी एकही मिळाली नाही. युनायटेड गोवन्स पक्षाला १२, तर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ जागा मिळाल्या, आणि पाठीराख्या सदस्यांसह मगो पक्षाने सरकार बनविले. २० डिसेंबर रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती दयानंद बांदोडकर यांनी. पेडण्यात जन्मलेले, खाणव्यवसायात नाव मिळविलेले, दानशूर म्हणून ख्यात असलेले भाऊसाहेब त्या निवडणुकीला स्वतः उभेसुद्धा राहिले नव्हते. पुढे मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले. विद्यापीठाची पदवी नाही, सरकारी कचेरीतला एक दिवसही गाठीला नाही, विधिमंडळाची पायरी चढलेली नाही, अशा माणसाच्या हाती नव्या राज्याची दोरी आली. "यांना राज्यकारभाराचा अनुभव काय?" हा प्रश्न त्या काळी सुशिक्षितांच्या घरांत स्वाभाविकपणेच निघाला असणार.

हा प्रश्न विचारणारांना आपण उणे लेखू नये. परंतु त्या प्रश्नाच्या पोटात दडलेली एक गोष्ट उघड करून दाखविली पाहिजे. १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षे, ज्या भूमीवर परक्यांची सत्ता होती, तेथे राज्य करण्याचा अनुभव येणार कोणाला? आमचे पेडणे व डिचोली हे महाल नव्या काबिजादींतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस, डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली, ते पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्या अमदानीत मर्यादित मताधिकाराची मंडळे होती खरी, पण खेड्यातल्या कुळाला आणि मुंडकाराला त्यांत आवाज नव्हता. ज्याला तळ्याच्या काठावर येऊ दिले नाही, त्याला "तुला पोहता येत नाही" म्हणून पाण्यापासून दूर ठेवावयाचे, असा तो न्याय झाला असता. दार बंद करणाऱ्यानेच "आत आला का नाहीस?" असे विचारावे, तसे ते झाले असते. अनुभव ही अट जेव्हा अशा तऱ्हेने घातली जाते, तेव्हा कालच्या अन्यायालाच ती आजच्या पात्रतेचा पोशाख चढवीत असते.

आणखीही एक गोष्ट आहे. अनुभव नव्हता, हे तरी पूर्णपणे खरे होते काय? गोमंतकात गावकरी होती. गावच्या जमिनी, बांध, पाणी यांची व्यवस्था गावकार पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. देवस्थाने होती. १९३३ च्या माझानियांच्या कायद्यापूर्वीपासून महाजन देवाचा खजिना, उत्सव आणि सेवेकरी यांचा कारभार चालवीतच होते. पण हे सांगताना आपण देवळाशी नाते असलेल्या लोकांनी एक कबुली मोकळ्या मनाने दिली पाहिजे. या अनुभवाची दारेही सर्वांना सारखी उघडी नव्हती. देवाच्या उत्सवात जे ढोल वाजवीत होते, पालखीपुढे दिवट्या धरीत होते, गायन-वादनाने सभामंडप भारून टाकीत होते, त्यांतल्या अनेकांना महाजनकीत स्थान नव्हते. १९६३ साली ज्या बहुजन समाजाने मतपेटीतून आपला कौल दिला, त्याच्यापाशी राज्य करण्याचा अनुभव नव्हता. पण राज्य सोसण्याचा अनुभव होता. भाटकाराच्या भाटात झोपडी बांधून राहताना उद्या कोणी उठवील काय, या धास्तीचा अनुभव होता. पिकाचा किती वाटा घरी येईल याची खात्री नसताना पेरणी करण्याचा अनुभव होता. हा अनुभव कोणत्याही सनदेवर लिहिला जात नाही. परंतु कायदा कोठे बोचतो, हे ज्याच्या पायाला तो बोचला त्यालाच प्रथम कळते.

भाऊसाहेब स्वतः धनवान होते, कूळ नव्हते. तथापि तो आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोहोचत होता. म्हणूनच १९६४ साली शेतजमिनीच्या कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि खंडाची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या एक-षष्ठांशावर आणली गेली. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरात कधी पाटी आली नव्हती, त्या घरातली मुले सकाळी शाळेची वाट चालू लागली. १९७० साली कला अकादमी उभी राहिली. अननुभवी म्हणून ज्याच्याविषयी शंका घ्यावी, त्याच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीचा हा जमाखर्च आहे.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, "मग अनुभव म्हणजे केवळ थोतांड असे तुम्हांला म्हणावयाचे आहे काय?" नव्हे. तसे म्हटले तर अग्रशाळेतल्या त्या काकांवर मोठाच अन्याय होईल. जमाखर्चाचे दुसरे पानही पाहिले पाहिजे. कायदा करणे एक आणि तो कचेरीतून कुळाच्या हाती पोहोचविणे दुसरे. १९६४ च्या कायद्याला पुढे पुन्हा पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. कुळाला मालक ठरविणारी पाचवी दुरुस्ती १९७६ साली आली आणि तीही न्यायालयांच्या वाटेने दीर्घकाळ रखडली. एकहाती कारभाराविरुद्धची नाराजी १९७० साली खुद्द पक्षातल्या काही आमदारांच्या बंडाच्या रूपाने बाहेर आली. सद्‌हेतूला कारभाराच्या खाचाखोचांचे ज्ञान लाभले नाही, तर त्याची किंमत शेवटी गरिबालाच मोजावी लागते. शुद्ध अंतःकरण हे हिशेबाच्या वहीचे काम करीत नाही. अनुभवाचा अभाव हा काही सद्‌गुण नव्हे. आजकाल "मी राजकारणी नाही" हेच जणू पात्रतेचे प्रमाणपत्र म्हणून पुढे केले जाते. ती तर उलट्या टोकाची चूक होय.

तेव्हा अनुभव हवा, पण कोणता? आमच्या महालाच्या दक्षिण सीमेवरून शापोरा नदी वाहते. तिच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि ते दर पावसाळ्यानंतर आपली जागा बदलतात. तेथला जाणता तांडेल होडी आत घालताना काय करतो? तो पाण्याचा रंग पाहतो, लाटेची मोड पाहतो, काठी बुडवून ठाव घेतो. त्याच्या आयुष्यभराच्या अनुभवाने त्याला शिकविले असेल तर एवढेच की, गेल्या सालची वाट या साली तेथे असेलच असे नाही. "मी तीस वर्षे या मुखातून येतो आहे" असे म्हणून जो डोळे मिटून होडी लोटतो, त्याची होडी वाळूत रुतते. त्याची तीस वर्षे अनुभवाची खरीच, पण ती एकाच वर्षाची तीस आवर्तने असतात.

मराठ्यांच्या इतिहासाने हा धडा दोन नावांत गिरवून ठेवला आहे, आणि योगायोग असा की, ती दोन्ही नावे एकच आहेत. १७२० साली बाळाजी विश्वनाथ निवर्तले, तेव्हा शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे वीस वर्षांच्या आतल्या बाजीरावाला द्यावयाचे ठरविले. दरबारातल्या जुन्या जाणत्यांनी पोरवयाकडे बोट दाखविले. महाराजांनी ते ऐकून घेतले आणि वस्त्रे बाजीरावालाच दिली. पुढच्या वीस वर्षांत मराठ्यांचे घोडे कोठवर गेले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच घराण्यात त्याच नावाचा दुसरा पेशवा १७९६ साली गादीवर आला आणि १८१८ पर्यंत राहिला. बावीस वर्षांचा अनुभव गाठीस असताना त्याने राज्य घालविले. काळ दोघांनाही मिळाला. एकाने त्यातून काहीतरी घेतले, दुसऱ्याच्या अंगावरून तो नुसता वाहून गेला.

आपल्या संतपरंपरेने तर हेच अधिक सौम्यपणे सांगितले आहे. चौदाशे वर्षांचे आयुष्य योगबळाने मिळविलेले चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले आणि अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा? शेवटी त्यांनी कोरा कागद धाडला, अशी कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. चौदाशे वर्षे जगून हे कोरेच राहिले, असे बालवयाची मुक्ताबाई म्हणाली, असेही परंपरा सांगते. कथेचे मर्म तेथे संपत नाही. चांगदेवांची खरी थोरवी यापुढे आहे. ते रागावले नाहीत. तिला त्यांनी गुरू केले. आपला अनुभव अपुरा आहे हे ज्या क्षणी त्यांना उमगले, त्याच क्षणी चौदाशे वर्षे फळाला आली.

मराठीत "अधिकार" हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. सरकारी माणसाच्या हातात असते त्या सत्तेला आपण अधिकार म्हणतो आणि साधकाच्या ठिकाणी असते त्या योग्यतेलाही अधिकारच म्हणतो. पहिला अधिकार निवडणुकीने मिळतो. दुसरा मिळवावा लागतो, आणि तो एकदा मिळवून भागत नाही. भाऊसाहेबांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग त्यांनी केलेल्या कायद्यांतला नाही. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे की तो संघप्रदेश राहावा, याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजी घ्यावयाचा होता. सत्तेवर राहून कौल घेतला तर तो निःपक्षपाती ठरणार नाही, असा आक्षेप आला. तेव्हा १९६६ च्या डिसेंबरात त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला. अंतर ३४,०२१ मतांचे होते. ज्या ध्येयासाठी पक्ष काढला, तेच लोकांनी नाकारले. तो निर्णय मानून ते पुन्हा त्याच लोकांपुढे गेले, आणि अवघ्या काही आठवड्यांनी लोकांनी त्यांनाच पुन्हा सत्तेवर बसविले. विलीनीकरण हवे होते की नको, यावर वाचकांत आजही दोन मते असतील. तो वाद येथे नको. पण सत्ता खाली ठेवता येणे आणि पराभव पचविता येणे, हा राज्यकर्त्याच्या अनुभवाचा गाभा असेल, तर तीन वर्षांपूर्वी अननुभवी असलेल्या माणसाने तो त्या हिवाळ्यात मिळविला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब वारले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाल्या. त्या पूर्वी आमदार होत्या, राज्यमंत्रीही होत्या. तरीही "वडिलांच्या पुण्याईवर" हा शब्द त्यांच्या वाट्याला येणे अटळ होते. वारसा हा अनुभव नव्हे, हे खरेच. परंतु वारसा म्हणून माणूस आपोआप अपात्रही ठरत नाही. डिचोलीकरांनी त्यांना विधानसभेत धाडले. मुंडकारांना घरातून हुसकावून लावण्यास प्रतिबंध करणारा १९७५ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. १९७९ साली पक्षातल्या फुटीने त्यांचे सरकार कोसळले. पण त्यानंतर, १९९० साली शिक्षणमंत्री या नात्याने, प्राथमिक शिक्षण मराठी-कोकणीसारख्या आपल्या भाषांतून देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान, हा निर्णय त्यांनी घेतला. सत्ता गमावून परतलेल्या माणसाचा तो निर्णय होता. लोकप्रियतेचा हिशेब त्यात नव्हता. अनुभवाने माणूस सावध होतो असे आपण म्हणतो. खरा अनुभव कधी कधी माणसाला धीटही करतो.

शशिकलाताईंच्या त्या डिचोली महालातच शिरगाव आहे आणि शिरगावात श्री लईराई देवीचे स्थान आहे. वैशाख शुद्ध पंचमीला तेथे धोंड अग्निदिव्यातून जातात. त्यांत पहिल्यांदा उतरणारा कोवळा मुलगा असतो आणि अनेकदा निखारे तुडविलेला म्हातारा असतो. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, व्रत दोघांनाही सारखेच आहे. "मी इतक्या वेळा होमातून गेलो, मला यंदा व्रत नको," असे कोणी जुना धोंड म्हणत नाही. आणि "मला उत्साह आहे, मला व्रताची गरज नाही," असे कोणी नवाही म्हणत नाही. जुन्याने नव्याला पाऊल कसे टाकावे ते सांगावे, नव्याने ऐकावे, आणि दोघांनीही देवीपुढे त्या वर्षापुरते नव्याने पात्र व्हावे, अशी ती व्यवस्था आहे. राज्यकारभार हेही एक अग्निदिव्यच आहे. मात्र त्यात पाय चुकला तर भाजतो तो दुसराच कोणीतरी. म्हणून तेथे व्रताची गरज अधिकच.

तेव्हा उमेदवार गावचा पंच असो, देवस्थानचा अध्यक्ष असो वा देशाचा राष्ट्रपती असो, "अनुभव किती वर्षांचा?" हा प्रश्न अपुरा आहे. त्याच्या जोडीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आपल्याला काय कळत नाही, हे याला कळते काय? जे कळत नाही ते हा कोणाला विचारतो, खुशामत करणाऱ्याला की चूक दाखविणाऱ्याला? आणि ज्यांच्यावर याचा निर्णय कोसळणार आहे, त्यांच्यापैकी कोणाच्या ओट्यावर हा कधी बसला आहे काय? जुन्या उमेदवाराला एक प्रश्न अधिक: इतक्या वर्षांत तू कोणते मत बदललेस? ज्याने एकही बदलले नाही, त्याचा अनुभव कोरा कागद आहे. शेवटचा प्रश्न मात्र आपण स्वतःलाच विचारावयाचा. दार बंद ठेवण्यासाठी मी अनुभवाचे नाव घेत आहे, की घर राखण्यासाठी? मतदारालाही अधिकार मिळवावा लागतो, आणि तोही दर निवडणुकीला नव्याने.

त्या बैठकीचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख पुरा करतो. पुढच्या सोमवारी मी देवळात गेलो, तेव्हा अग्रशाळेच्या ओसरीवर ते काका आणि तो तरुण समोरासमोर बसले होते. मध्ये हिशेबाच्या जुन्या वह्या पसरलेल्या. काका एका पानावर बोट ठेवून सांगत होते, "येथे मी चुकलो होतो. हे नीट बघून ठेव." मत कोणाला देणार, हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण चूक दाखविणाऱ्या त्या बोटात आणि ती समजून घेण्यासाठी वाकलेल्या त्या मानेत मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.